वस्तीस अयोग्य

रामेश्वरी सेतूची वाळू घ्यावी, ती प्रयागला संगमात सोडावी आणि तेथील गंगाजलाने पुन्हा रामेश्वरास अभिषेक करावा, ही आपल्या पूर्वजांची यात्रा. तो सेतू जेथून सुरू झाला असे मानतात, ते धनुष्कोडी पाहण्यास मी 2011 च्या जानेवारीत गेलो. त्या काळी डांबरी रस्ता मुकुंदरायर छत्रम येथे संपे. पुढे यात्रेकरूंना नेणाऱ्या गाड्या वाळूतून धडपडत जात. मी पायी जायचे ठरविले. टोकापर्यंत जाऊन येण्याची वाटचाल सुमारे 19 किलोमीटर, म्हणजे वाळूत पूर्ण दिवसाची.

डावीकडे पाल्कचा उपसागर तळ्यासारखा शांत, उजवीकडे मन्नारच्या आखाताच्या लाटा. मधली पट्टी काही ठिकाणी इतकी अरुंद की दोन्ही पाणी एकाच नजरेत मावते. भरतीच्या ओल्या वाळूवरून चालणे सोपे. कोरड्या वाळूत पाऊल घोट्यापर्यंत रुतते. तास-दोन तासांनी प्रवाळी दगडांच्या भिंती दिसू लागल्या: छप्पर नसलेले चर्च, रेल्वे स्थानकाचे अवशेष, पाण्याची टाकी.

1914 साली पांबनचा रेल्वेपूल झाला आणि धनुष्कोडी हे सिलोनचे दार बनले. मद्रासहून बोट मेल येथे येई, उतारू आगबोटीने तलैमन्नारला जात. जकातीचे कार्यालय, टपाल कार्यालय, शाळा, सारे काही होते. 22 डिसेंबर 1964 च्या रात्री चक्रीवादळ आले. पांबनहून निघालेली 653 क्रमांकाची पॅसेंजर स्थानकाच्या अलीकडे लाटेखाली गेली. तीतील शंभराहून अधिक जणांपैकी कोणीही वाचले नाही. ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली पांबनचा पूल 46 दिवसांत पुन्हा उभा राहिला. धनुष्कोडीचा लोहमार्ग मात्र पुन्हा घातला गेला नाही, आणि मद्रास सरकारने गाव मनुष्यवस्तीस अयोग्य ठरविले.

तो निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. त्या जागी मीही बहुधा त्याच कागदावर सही केली असती. पण मासे त्या कागदाला बांधील नव्हते, त्यामुळे मच्छीमारही नव्हते. मी गेलो तेव्हा झावळ्यांच्या झोपड्यांतून कुटुंबे राहत होती. विजेची तार कोठेही नव्हती. एका आजींनी वाळूत हातभर खोल खड्ड्यातून वाटीने उपसून प्यायला पाणी दिले. समुद्रापासून पन्नास पावलांवरचे ते पाणी गोड होते. 'अयोग्य' या एका शब्दाने जीव वाचविण्याची काळजी जशी घेतली जाते, तशी जे हलत नाहीत त्यांच्या दिव्याची, दवाखान्याची जबाबदारीही हळूच उतरविली जाते. वस्तीच नाही म्हटल्यावर मागणी कोणाची?

वाटेच्या आरंभी असलेले 'छत्रम' हे नाव दिवसभर मनात होते. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या भोसल्यांनी अशी अनेक छत्रे उभारली. 1801 साली सरफोजी राजांनी कंपनीच्या रेसिडेंटला त्यांविषयी सविस्तर पत्र लिहिले. ब्राह्मणापासून अस्पृश्यापर्यंत येईल त्या वाटसरूस अन्न मिळते, आजाऱ्यास वैद्य आणि औषध मिळते, परक्यांची अनाथ मुले पंतोजींच्या हवाली केली जातात, असे त्यात नमूद आहे. राज्य हातचे निघून चालले असता त्यांनी कंपनीकडे आग्रह धरला तो या छत्रांचा धर्मादाय अबाधित राहावा म्हणून. लाभार्थी तेथील रहिवासी आहे काय, हा प्रश्नच त्या व्यवस्थेत नव्हता. तो समोर उभा आहे, एवढी नोंद पुरे होती.

2017 साली अरिचलमुनैपर्यंत पक्का रस्ता झाला. आता टोकापर्यंत मोटारी जातात, आणि सायंकाळी पोलीस पर्यटकांना परत पाठवितात. मच्छीमार तेथेच राहतात.