जेध्यांचे दप्तर आणि एक जन्मतिथी

१/ शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी झाला, हे महाराष्ट्र शासनाने २००१ साली मान्य केले. या तिथीचा एक मोठा आधार राजदरबारात नव्हे, तर भोर तालुक्यातील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरगुती कागदांत सापडला.

२/ वतनदार घराणी कागद जपत, त्यामागे रोकडे कारण होते. देशमुखीचा हक्क वंशपरंपरेने चाले. भाऊबंदांत तंटा उभा राहिला की गोतसभेपुढे वंशावळ, सनदा आणि जुने महजर मांडावे लागत. रुमालात बांधलेले दप्तर हेच घराण्याचे बळ होते.

३/ जेध्यांच्या दप्तरातील दोन कागद विशेष मोलाचे ठरले. ‘करीना’ म्हणजे घराण्याची हकीकत : पूर्वज कोण, कोणी कोणती सेवा केली. ‘शकावली’ म्हणजे तिथीवार टिपणे : शक, महिना, तिथी आणि थोडक्यात घटना. तिचा काळ शके १५४० ते १६१९, म्हणजे इ. स. १६१८ ते १६९७.

४/ पुण्यात १९१० साली वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. लोकमान्य टिळकांनी जेध्यांकडून मिळालेली शकावली १९१६ मध्ये मंडळामार्फत प्रसिद्ध केली. तोवर बखरींच्या आधारे वैशाख शुद्ध २, शके १५४९ (इ. स. १६२७) ही तिथी रूढ होती. शकावलीत मात्र होती फाल्गुन वद्य ३, शके १५५१.

५/ हा फरक जवळजवळ तीन वर्षांचा. अफजलखानाच्या भेटीच्या वेळी, नोव्हेंबर १६५९ मध्ये, महाराज ३२ वर्षांचे होते की २९, हे त्यावर ठरते.

६/ मग एका घराण्याच्या टिपणावर विश्वास का ठेवावा? पहिली कसोटी हितसंबंधाची. खानाच्या स्वारीत कान्होजी जेध्यांनी वतनावर पाणी सोडले, असे करीना सांगतो. तो घराण्याच्या अभिमानाचा विषय. म्हणून ते विधान जपून वाचावे लागते. परंतु महाराजांची जन्मतिथी बदलून जेध्यांच्या वतनात बिघाभर जमिनीचीही भर पडणार नव्हती.

७/ दुसरी कसोटी स्वतंत्र दुजोऱ्याची. महाराजांच्या हयातीत कवींद्र परमानंदांनी रचलेले ‘शिवभारत’ १९२७ मध्ये छापले गेले. त्यातही हीच तिथी निघाली. जोधपूरच्या जुन्या संग्रहातील जन्मपत्रिकेनेही तिला पुष्टी दिली. तरीही वाद अनेक दशके चालला.

८/ जेध्यांनी कागद राखले ते वतनासाठी. इतिहासाला त्यातून गवसली एक तिथी. आपल्या घरच्या माळ्यावरील मोडी कागद वाचता येत नसले, तरी रद्दीत घालू नयेत. त्यांची छायाचित्रे घ्यावीत, कागद कोणाकडून आले ते लिहून ठेवावे आणि मोडी जाणणाऱ्यास दाखवावेत.