राज्यशास्त्र घेऊन पुढे काय?

"पोलिटिकल सायन्स? आणि पुढे काय करणार?" आपल्या मंडळातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने मेजर सांगितला की बटाटेवड्याच्या रांगेत हा प्रश्न हमखास येतो. त्यात काळजी असते, आणि थोडी आपल्या शाळेची आठवणही. आपल्यासाठी नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या शेपटाला जोडलेले, परीक्षेच्या आदल्या रात्री उरकायचे थोडे मार्क. माझ्या मुलीने हाच मेजर निवडल्यावर मी, आयुष्यभर डेटाबेसमध्ये रमलेला माणूस, या विषयाचा इथला इतिहास वाचायला बसलो. तो अपेक्षेपेक्षा बराच रंगतदार निघाला.

सुरुवातच एका स्थलांतरिताने केली आहे. फ्रान्सिस लीबर हा बर्लिनचा. नेपोलियनविरुद्धच्या वॉटर्लूच्या मोहिमेत तो कोवळ्या वयात लढला आणि जखमी झाला. १८२७ मध्ये तो अमेरिकेत आला आणि १८५७ मध्ये कोलंबियात इतिहास व राज्यशास्त्राचा प्राध्यापक झाला. मग यादवी युद्ध पेटले. त्याचे दोन मुलगे उत्तरेकडून लढले, एक दक्षिणेकडून लढताना मेला. सैनिकांनी कैद्यांशी आणि सामान्य नागरिकांशी कसे वागावे याची जी नियमावली लिंकनच्या सरकारने १८६३ मध्ये काढली, ती मुख्यतः लीबरनेच लिहिलेली. पुढच्या आंतरराष्ट्रीय युद्धनियमांचा एक पाया तिच्यात आहे. हाच माणूस आधी वीसेक वर्षे साउथ कॅरोलिनात शिकवत होता आणि तिथे त्याच्या घरी गुलाम होते, हेही नोंदवायला हवे.

त्याच कोलंबियात १८८० मध्ये जॉन बर्जेसने राज्यशास्त्राचे स्वतंत्र स्कूल उघडले. शिस्तीचा, जर्मनीत शिकलेला माणूस. पण राज्य चालवण्याची खरी कुवत ट्यूटॉनिक, म्हणजे जर्मन-इंग्रज वंशाच्या राष्ट्रांकडेच आहे, असे तो १८९० च्या आपल्या ग्रंथात शास्त्र म्हणून मांडतो. वाचताना कपाळावर आठी येते. आपण त्या यादीत कुठे बसतो हे सांगायला नको.

बर्जेस १९१२ मध्ये निवृत्त झाला. १९१३ च्या जुलैत सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले, आणि बर्जेसने उभ्या केलेल्या त्याच फॅकल्टीत शिकू लागले, कारण तिथले अर्थशास्त्र तिच्याच छत्राखाली होते. त्यांनी घेतलेल्या कोर्सेसचा हिशेब पाहण्यासारखा आहे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, आणि राजकारणाचे फक्त ३! ९ मे १९१६ रोजी त्यांनी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला तोही मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये. जगातल्या एका मोठ्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष राज्याकडे तिजोरीच्या आणि समाजाच्या वाटेने पोचला होता. १९५२ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. तेव्हा बर्जेस जाऊन एकवीस वर्षे झाली होती. असता तर काय म्हणाला असता, असा खोडसाळ विचार माझ्या मनात येतोच.

हे शिक्षण मास्टर्स आणि पीएचडीचे. पदवीच्या मेजरचे उदाहरण हवे असेल तर लॉस एंजेलिसला जावे लागेल. १९३३ मध्ये तिथे जन्मलेली एलिनॉर ऑस्ट्रॉम बेताच्या परिस्थितीतली. यूसीएलएमधून १९५४ मध्ये तिने राज्यशास्त्रात पदवी घेतली. पुढे तिला अर्थशास्त्रात पीएचडी करायची होती, पण शाळेत मुलगी म्हणून तिला पुढच्या गणितापासून दूर ठेवले होते, तेव्हा तो दरवाजा बंद. मग तिने राज्यशास्त्रातच पीएचडी केली. विषय काय, तर दक्षिण कॅलिफोर्नियातले भूजल. समुद्राकाठच्या विहिरींत खारे पाणी शिरू लागले होते, आणि उपसा कोणी किती करायचा हे तिथले लोक भांडत, कोर्टात जात, करार करत ठरवत होते. सामाईक पाणी, कुरण, मासे यांची एकतर सरकारने मालकी घ्यावी किंवा खाजगी वाटणी करावी, तिसरा मार्ग नाही, असे तेव्हा छातीठोक सांगितले जाई. ऑस्ट्रॉमने स्वित्झर्लंडची कुरणे, स्पेनचे कालवे, जपानची गावरानं असे दाखले जमवून दाखवले की माणसे स्वतःच नियम करतात, पहारा ठेवतात, आणि नियम मोडणाऱ्याला आधी हलका व मग वाढता दंड करतात. धुळे-नाशिककडच्या वाचकांना फड पद्धत आठवेल. पांझरेच्या बंधाऱ्यावरचे पाणी शेतकरी मिळून फडाफडाने वाटून घेत, आणि पाटकरी सगळ्यांच्या वतीने ते सोडत असे. २००९ मध्ये ऑस्ट्रॉमला नोबेल मिळाले, तेही अर्थशास्त्राचे! तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

आता वड्याच्या रांगेतल्या प्रश्नाकडे. या मेजरमधून बरेच जण लॉ स्कूलला जातात, काही सरकारी किंवा धोरणाच्या कामाला लागतात. पण गेल्या साठ-सत्तर वर्षांत या विषयात आकडे फार शिरले आहेत. मतदारांच्या मुलाखती पंचकार्डांवर चढवून मिशिगनच्या मंडळींनी १९६० मध्ये अमेरिकन मतदारावर जाडजूड ग्रंथ काढला, तेव्हापासून सर्वेक्षण आणि संख्याशास्त्र हा अभ्यासाचा नेहमीचा भाग झाला. बऱ्याच कॉलेजांत ते कोर्स ऐच्छिक असतात, आणि मुले गणिताला घाबरून टाळतात. ते टाळू देऊ नयेत, एवढा हट्ट मी घरी धरला आहे. मुलगी कबूल झाली, पण तिची अट अशी, की पुढच्या मंडळाच्या निवडणुकीत मी कार्यकारिणीला उभे राहायचे. फॉर्म अजून टेबलावर पडून आहे.