नांदेडला कोण जवळ?

लातूरहून नांदेडला एस.टी.ने जावयाचे तर साडेतीन-चार तास मोडतात. २०१७ च्या डिसेंबरात नांदेड-अमृतसर विमान सुरू झाले, तेव्हा मी वर्गात हिशेब मांडला. सरळ रेषेत अंतर सुमारे चौदाशे किलोमीटर. विमानाला वेळ अवघा अडीच तास! मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, मग नांदेडला लातूर जवळ की अमृतसर?"

पोरे हसली. मला मात्र उत्तर चटकन सुचेना. खडू ठेवून मी गोष्टच सांगू लागलो.

गुरु गोविंदसिंग १७०७ साली आग्र्याहून बहादूरशहाच्या छावणीबरोबर निघाले, ते मजल दरमजल करीत १७०८ मध्ये गोदाकाठी नांदेडास पोचले. तेथेच त्यांनी ग्रंथाला गुरुपद दिले आणि देह ठेवला. त्यांच्या आज्ञेने बंदा बहादूर येथूनच पंजाबात गेला. सरहिंद हाती यावयास १७१० साल उजाडले.

आणि त्या ग्रंथसाहेबात आपल्या नामदेवांची ६१ पदे! गुरु नांदेडास येण्यापूर्वी कितीतरी आधी नामदेवांची वाणी पंजाबात पोचली होती, तीही विमानावाचून.

"म्हणजे अमृतसरच जवळ!" तो मुलगा म्हणाला. मी त्याची चूक दुरुस्त केली नाही.