संवेदनशील यंत्रांची वाहतूक व उभारणी : कंत्राटदाराची निवड

रुग्णालयातील एमआरआय, डेटा सेंटरमधील भरलेले रॅक, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, कणत्वरकाचे चुंबक अशी यंत्रे कारखान्यातून उचलून, जागेवर बसवून, चालू स्थितीत सोपवण्यासाठी योग्य संस्था ठरवण्याची प्रक्रिया. हे काम बहुधा तुकड्यांत दिले जाते. वाहतूक एकाकडे, क्रेन दुसऱ्याकडे, उभारणी उत्पादकाच्या अभियंत्यांकडे. निविदा काढायला ही वाटणी सोयीची असते, यंत्राला मात्र ती मानवत नाही. त्यामुळे निवड करताना ट्रेलरची संख्या आणि दर यांच्याही आधी एक गोष्ट तपासावी : यंत्राची जबाबदारी वाटेत किती वेळा हात बदलते, आणि प्रत्येक बदलाच्या क्षणी मोजमाप कोण करतो.

याचे कारण नुकसानीच्या स्वभावात आहे. पेटी धडधाकट दिसते आणि आतला बिघाड आठवड्यांनी, पहिल्या चाचणीत कळतो. एमआरआयचा चुंबक काही टन वजनाचा असतो आणि पारंपरिक रचनेत तो द्रवरूप हेलियम भरूनच निघतो. प्रवासात शीतकरण बंद असेल तर हेलियम उडत राहते, म्हणजे कस्टम्समध्ये पेटी जास्त दिवस अडकली तर एकही धक्का न बसता नुकसान सुरू होते. पेटीवर धक्का व कल दाखवणाऱ्या चकत्या चिकटवतात. मर्यादेबाहेर हिसका बसला की त्यातली नळी लाल होते. पण हिसका केव्हा बसला, हे चकती सांगत नाही. त्यासाठी वेळेसह धक्के टिपणारा लॉगर लागतो. रात्री माल उतरताना चकती लाल दिसूनही पोचपावतीवर शेरा न मारता सही झाली, तर विम्याचा दावा तिथेच लंगडा होतो. वाहतूकदार म्हणतो, आमच्याकडे असेपर्यंत ठीक होते. क्रेनवाला म्हणतो, पेटी आधीच हललेली होती. उत्पादक म्हणतो, आमची जबाबदारी बंदरापर्यंतच. कागदावर तिघेही बरोबर असू शकतात, आणि भुर्दंड मालकाला पडतो.

याउलट, वाहतूक हा रचनेचाच भाग मानला तर काय साधते, हे दोन प्रवासांवरून दिसते. जर्मनीत कार्ल्सरुहच्या कॅट्रिन प्रयोगाची सुमारे 200 टनांची, 10 मीटर व्यासाची निर्वात टाकी डेगेनडोर्फला बनली. दोन्ही ठिकाणांत सडकेने अंतर 400 किमीच्या आसपास, पण एवढे धूड तिथले रस्ते आणि कालवे घेणार नव्हते. म्हणून 2006 मध्ये ती डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्रात, तिथून भूमध्य समुद्र व अटलांटिकला वळसा घालून ऱ्हाईन नदीत, अशी जवळपास 9,000 किमी फिरवून आणली. अमेरिकेत 2013 मध्ये म्यूऑन जी-2 प्रयोगाच्या चुंबकाचे सुमारे 15 मीटर व्यासाचे अतिसंवाहक कडे ब्रूकहेवन प्रयोगशाळेतून फर्मीलॅबला सुमारे 5,000 किमी नेले. ते सुटे करता येत नव्हते आणि 3 मिमीपेक्षा जास्त वाकले तर कायमचे निकामी होण्याची भीती होती. बार्जवरून फ्लोरिडाला वळसा, मग नद्यांतून वर, शेवटी रात्री रस्ते बंद करून संथ ट्रेलर. 2015 मध्ये चुंबक पुन्हा पूर्ण क्षमतेने चालला, तेव्हाच ती वाहतूक यशस्वी ठरली.

यावर पहिला आक्षेप असा की सगळे एकाच्या हाती दिले तर तो स्वतःच्या कामाचा स्वतःच परीक्षक होतो. आक्षेप रास्त आहे. लार्ज हेड्रॉन कोलायडर या भूमिगत कणत्वरकात 19 सप्टेंबर 2008 रोजी दोन चुंबकांमधला एक सदोष विद्युतजोड जळाला, 53 चुंबक बाहेर काढावे लागले आणि यंत्र पुन्हा चालू व्हायला नोव्हेंबर 2009 उजाडला. चुंबक बोगद्यात नीट पोचले होते. दोष जोडणीत होता आणि प्रवाह वाढवेपर्यंत तो दिसला नाही. पण यातून जबाबदारी वाटून टाकावी असे निघत नाही. जबाबदारी एकाची आणि तपासणी त्याच्यापासून स्वतंत्र, एवढेच निघते. दुसरा आक्षेप : उत्पादकाची माणसे येतातच, मग वेगळा भागीदार कशाला? त्या माणसांना यंत्र कळते, इमारत कळत नाही. गेटपासून यंत्रखोलीपर्यंतचे शे-दोनशे मीटर हेच बहुधा अवघड असतात : स्लॅबची भारक्षमता, फॉल्स फ्लोअर, दाराची रुंदी, कोपऱ्यावरचे वळण. तिथे चेनपुली, जॅक आणि रोलर घेऊन काम करणाऱ्या खलाशांच्या टोळीचा अनुभव कामी येतो. जागा न पाहता, स्लॅबचा नकाशा न मागता दर देणारा कंत्राटदार पहिल्याच चाळणीत गळावा. ‘हे या दारातून जाणार नाही, भिंत उघडावी लागेल’ असे आधीच सांगणारा महाग वाटतो, पण पुढची लपवाछपवी त्याच्याकडून होण्याची शक्यता कमी.

तिसरी अडचण सरकारी खरेदीची, आणि ती सर्वांत चिवट आहे. सर्वांत कमी दराला काम देणे लेखापरीक्षणाला सोपे जाते. ऑक्टोबर 2021 मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या सूचनांनी ठरावीक कामांत गुणवत्ता व किंमत एकत्र तोलण्याची मुभा दिली, मात्र गुणवत्तेचा वाटा 30 टक्क्यांपुरता ठेवला. म्हणून खरी गाळणी किमान पात्रतेच्या अटींतच लावावी लागते. महाराष्ट्रात आणखी एक बाब पाहावी लागते. 1969 च्या माथाडी कायद्याखाली नोंदलेल्या कामगारांची चढ-उतार आणि तज्ज्ञ टोळीचे काम यांची हद्द आधी ठरली नसेल, तर ट्रेलर दारात उभा राहतो आणि वाद तिथे सुरू होतो. याच राज्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या, गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला एप्रिल 2023 मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. त्याच्या शोधकाचे भाग अमेरिकेतून यायचे आहेत, आणि अशा शोधकात 40 किलोचे आरसे 0.4 मिमी जाडीच्या काचतंतूंवर टांगतात. तिथल्या करारात बंदरावर, प्रकल्पाच्या दारात आणि स्वच्छकक्षाच्या उंबऱ्यावर लॉगर कोणाच्या समक्ष उघडायचा हे लिहिलेले असावे, आणि देयकाचा शेवटचा हप्ता पहिली चाचणी यशस्वी होईपर्यंत रोखलेला असावा.