डफडे आमचे, हुकूम त्यांचा

माझा आजा अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात महारकी करीत होता. साथ आली की तहसिलातून कागद येई. पाटील तो वाचून दाखवी आणि आजा डफडे घेऊन गावभर दवंडी देई. मेलेल्यांची वर्दी पोहोचविणे हेही त्याचेच काम. १९१८ च्या मानमोडीच्या आठवणी सांगताना तो म्हणे, "डफडं आपलं, हुकूम सायबाचा. पन आपल्याले काई इचाराचं असलं त कोनाले इचाराचं?" पुढे आरोग्याचे कायदे वाचताना हा प्रश्न माझी पाठ सोडीना.

मुंबईत प्लेग आला आणि १८९७ चा साथरोग कायदा झाला. कलमे अवघी चार. सरकारने जाहीर नोटिशीने नियम करावेत, मोडणाऱ्याला दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाखाली शिक्षा व्हावी, सद्भावनेने काम करणाऱ्या अंमलदारावर मात्र दावा चालू नये. रोग्याला समजावून सांगण्याविषयी त्यात एक शब्द नाही. वऱ्हाड तर कागदोपत्री निजामाचे. १९०२ च्या कराराने ते इंग्रजांनी कायमच्या पट्ट्याने घेतले. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा येथे स्वतंत्र हुकुमाने लागू करावा लागे. एवढ्या दारांतून फिरत आलेला हुकूम शेवटी आमच्या डफड्यावर पडे.

पटकीच्या दिवसांत 'चांगले पाणी प्या' असे ओरडून सांगणाऱ्याला गावच्या विहिरीवर चढता येत नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला अमरावतीच्या परिषदेचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी भूषविले. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तेव्हा धगधगत होता. या लढ्यांना आपण समतेचे लढे म्हणतो, ते बरोबरच आहे. परंतु पाणवठ्याचा लढा हा आरोग्याचाही लढा होता, हे आपल्या इतिहासलेखनात फारसे आलेले नाही.

मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ चा. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होते, म्हणून तो आमचा नव्हता. १९५६ साली आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. १९६४ साली राजभाषा कायदा झाला. तरीही १९७४ साली माझ्या आईला शस्त्रक्रियेसाठी एका दवाखान्यात नेले, तेव्हा संमतीचा कागद इंग्रजीत होता. आईने अंगठा दिला. काय कापणार, हे तिला कोणी सांगितले नाही. मी शिकलेला मुलगा. मीही विचारले नाही. ही शरम मी आजवर बाळगून आहे.

संमती म्हणजे समजून दिलेली संमती, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले. जानेवारी २०२१ मध्ये राज्याने शुश्रूषागृहांचे नियम सुधारले. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावावी, दरपत्रक लावावे, बिल थकले म्हणून प्रेत अडवून ठेवू नये, असे त्यात आले. कायद्याला इतक्या वर्षांनी रोगी बोलू लागला, असे मला वाटले. पण त्याआधी मार्च २०२० मध्ये त्याच १८९७ च्या कायद्याखाली झालेल्या नियमांनी, कोविडची माहिती पूर्वपरवानगीशिवाय प्रसिद्ध करण्यास मनाई केली होती. अफवा रोखल्याच पाहिजेत. पण खरे सांगणारा माणूस वस्तीत पाठविल्याशिवाय अफवा थांबत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-अकोल्यात पुन्हा टाळेबंदी आली, तेव्हा दवंडीची जागा भोंग्याच्या गाडीने घेतली होती. गाडी सांगून निघून जाई. विचारायचे कोणाला?

आणि भिंतीवरची सनद वाचणार कोण? धारणी-चिखलदऱ्याची कोरकू बाई दवाखान्यात येते. तिची भाषा मराठीची बहीणसुद्धा नाही. तिचे कूळ मुंडा. तिच्यापुढे आपली मराठी हीच साहेबाची इंग्रजी ठरते. काल आपल्या आईवर जे झाले ते आज तिच्यावर होत असेल, तर आपल्या चळवळीने गप्प बसता कामा नये.

म्हणून कार्यकर्त्यांना व शिक्षकांना माझे सांगणे एवढेच : सनद कागदावर उतरवून घ्या, वस्तीत मोठ्याने वाचा, कोरकूत सांगणारा माणूस प्रत्येक दवाखान्यात मागा. आजच्या डफड्यावर हुकूम नको. आजाचा प्रश्न वाजला पाहिजे.