पहिला कॅमेरा घेताय? आधी प्रकाशाचं गणित समजून घ्या

मी कॅमेरा घेऊन फिरतो हे ऑफिसमध्ये कळल्यापासून महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, "पन्नास हजारात कुठला कॅमेरा घेऊ?" एखाद्या मॉडेलचं नाव सांगून मोकळं होता येतं, पण मी तसं करत नाही. कारण मी स्वतः असंच एक नाव ऐकून कॅमेरा घेतला होता आणि त्याची किंमत पैशांपेक्षा जास्त मोजली.

नोकरीतल्या पहिल्या बोनसमधून मी सुरुवातीच्या श्रेणीतला डीएसएलआर घेतला, सोबत मिळणाऱ्या १८-५५ मिमीच्या किट लेन्ससकट. दोन आठवड्यांनी ताईची हळद होती. मधल्या खोलीत ट्यूबलाइटच्या उजेडात आजी जात्यावर हळद दळत ओव्या म्हणत होती. मी तिचे चाळीसेक फोटो काढले. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळे छान दिसले. लॅपटॉपवर उघडले तेव्हा मात्र एकही धड नव्हता. शेजारच्या सुपाच्या कामट्या मोजता येत होत्या, जात्याचा न फिरणारा खालचा दगड स्पष्ट होता, पण आजीचा चेहरा आणि हात पुसट.

चूक नेमकी कुठे झाली?

सॉफ्टवेअरमध्ये काही बिघडलं की आपण लॉग बघतो. फोटोचाही लॉग असतो, त्याला एक्झिफ म्हणतात. प्रत्येक फाइलमध्ये शटर स्पीड, अ‍ॅपर्चर, आयएसओ वगैरे सगळं नोंदलेलं असतं. माझ्या फोटोंत होतं: ५५ मिमी, एफ ५.६, १/१५ सेकंद, आयएसओ ४००.

आता हे आकडे वाचू. शटर स्पीड म्हणजे सेन्सरवर किती वेळ प्रकाश पडतो. १/१५ सेकंदात माणूस हलतोच. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन होतं, म्हणून माझ्या हाताची थरथर लपली आणि सूप स्पष्ट आलं. पण समोरचा माणूस हलला तर स्टॅबिलायझेशन काही करू शकत नाही.

मला साधारण १/१२५ हवा होता, म्हणजे प्रकाश आठपट कमी. तो भरून काढायचे दोन मार्ग होते:

- आयएसओ ४०० वरून ३२०० करणे. ४०० ते ८००, ८०० ते १६००, १६०० ते ३२००, प्रत्येक टप्पा दुप्पट, म्हणजे एकूण आठपट. फोटोत थोडे दाणे आले असते, पण चेहरा दिसला असता. खर्च शून्य.
- एफ १.८ ची ५० मिमी लेन्स लावणे. एफचा आकडा लहान म्हणजे लेन्सचं तोंड मोठं. ५.६ ला १.८ ने भागून वर्ग केला की साधारण ९.७ येतात, म्हणजे जवळजवळ दहापट प्रकाश.

दोन्ही मार्गांसाठी नवीन बॉडी लागत नव्हती. "दाणे येतात" हे कुठेतरी ऐकून मी आयएसओ ४०० वर बांधून ठेवला होता. लक्षात ठेवा, दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही.

मेगापिक्सेलच्या मागे लागू नका

२४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० × ४००० ठिपके. इंचाला ३०० ठिपके धरले तर सुमारे २० × १३ इंचांची प्रिंट आरामात निघते. फोरके टीव्हीला तर फक्त ८.३ मेगापिक्सेल लागतात. त्यामुळे हौशी माणसाला २४ भरपूर झाले.

खरा फरक सेन्सरच्या आकाराने पडतो:

- फुल फ्रेम: ३६ × २४ मिमी
- एपीएस-सी: साधारण २३.५ × १५.६ मिमी, कॅननमध्ये थोडा लहान
- मायक्रो फोर थर्ड्स: १७.३ × १३ मिमी

महागड्या फोनचा मुख्य सेन्सरसुद्धा साधारण १० × ७.५ मिमीच्या आसपास असतो, म्हणजे क्षेत्रफळाने एपीएस-सीच्या पाचव्या हिश्श्याएवढा. फोन एकामागोमाग अनेक फोटो काढून सॉफ्टवेअरने ते जोडतो आणि ही कसर बरीच भरून काढतो. म्हणूनच दिवसाउजेडी, फिरायला गेल्यावर, जेवणाच्या ताटाचे फोटो काढायला फोन पुरतो. पण कमी उजेडात हलणारी माणसं असतील किंवा लांबचे पक्षी असतील, तर कॅमेरा लागतोच. यातलं काहीच तुम्हाला करायचं नसेल तर कॅमेरा घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो.

पहिल्या कॅमेऱ्याला एपीएस-सी हा माझ्या मते योग्य मध्य आहे. एक गोष्ट माहीत असू द्या: त्यावर लेन्सचं दृश्य दीडपट जवळचं वाटतं, कॅननवर १.६ पट. भिगवणला फ्लेमिंगो टिपताना ३०० मिमीची लेन्स ४५० मिमीसारखी दिसते, हा फायदा. पण ५० मिमी ७५ सारखी होते आणि लहान खोलीत मागे सरकायला जागा उरत नाही. घरगुती कार्यक्रमच जास्त काढणार असाल तर ३५ मिमी एफ १.८ चा विचार करा.

डीएसएलआर की मिररलेस?

डीएसएलआरमध्ये आरसा असतो, तो प्रकाश वळवून डोळ्यापर्यंत आणतो. मिररलेसमध्ये आरसा नाही, सेन्सरला जे दिसतं तेच छोट्या स्क्रीनवर दिसतं. फोटो काढण्याआधीच तो किती उजळ येणार हे कळतं, हा नवशिक्याला मोठा फायदा. बॅटरी मात्र लवकर संपते, एक जास्तीची ठेवा.

कॅनन आणि निकॉन यांनी २०१८ मध्ये फुल फ्रेम मिररलेससाठी नवे माउंट आणले आणि त्यांच्या नव्या लेन्स आता त्यांच्यासाठीच येतात. जुनी डीएसएलआर लेन्स अडॅप्टर लावून त्याच कंपनीच्या मिररलेसवर चालते, उलटं मात्र होत नाही. नवीन घेणार असाल तर मिररलेस घ्या. बजेट कमी असेल तर वापरलेला डीएसएलआर आजही उत्तम, कारण त्याच्या लेन्स सेकंड हँड बाजारात भरपूर आणि स्वस्त मिळतात.

पैशांची विभागणी करताना बॉडीवर सगळं उधळू नका. निदान तिसरा हिस्सा लेन्स, कार्ड, बॅटरी आणि बॅगेसाठी ठेवा. बॉडी चार-पाच वर्षांत बदलते, चांगली लेन्स पंधरा वर्षं सोबत राहते.

सेकंड हँड घेताना काय तपासायचं?

- शटर किती वेळा वापरलं गेलंय: सुरुवातीच्या श्रेणीतल्या डीएसएलआरचं शटर साधारण एक लाख वेळा चालेल असं धरलं जातं. निकॉनच्या फोटोत हा आकडा नोंदलेला असतो, एक्झिफटूल नावाच्या मोफत प्रोग्रॅमने वाचता येतो. कॅननच्या अनेक मॉडेल्समध्ये तो फाइलमध्ये नसतो.
- बुरशी: लेन्सच्या एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा, दुसरीकडून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.
- सेन्सरवरची धूळ: एफ १६ ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, काळे ठिपके लगेच दिसतात.
- ऑटोफोकस: निकॉनच्या काही स्वस्त बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. तिथे जुन्या एएफ-डी लेन्स हातानेच फोकस कराव्या लागतात.
- मूळ बिल आणि चार्जर मागून घ्या.

पावसाळ्यातली काळजी

कोकणात, मुंबईत, मावळात लेन्सचा खरा शत्रू पाऊस नसून दमट कपाट आहे. बॅगेत चार महिने पडून राहिलेली लेन्स बुरशीला आयतीच सापडते. स्वयंपाकघरातला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रता मीटर, एवढं पुरे. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. निळी जेल गुलाबी झाली की ती ओलाव्याने भरली, गरम करून कोरडी करा. चामड्याची केस ओल धरते, त्यात लेन्स ठेवू नका.

कार्ड आणि बॅकअप

व्ही३० लिहिलेलं कार्ड सेकंदाला किमान ३० एमबी लिहितं, हौशी कामाला ते पुरतं. रॉ फाइल मोठी असते, पण जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात तर १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. काळवंडलेला चेहरा उजळायचा असेल तर हा फरक कामी येतो. चुकून फोटो डिलीट झाले तर त्या कार्डवर पुढे एकही फोटो काढू नका. फोटोरेकसारख्या मोफत प्रोग्रॅमने बरेचदा परत मिळतात. आणि महत्त्वाचे फोटो निदान दोन ठिकाणी ठेवा.

माझी आजची सेटिंग

कार्यक्रमात मी कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवतो, आयएसओ ऑटो, कमाल ६४००, आणि किमान शटर १/१२५. बहुतेक कॅमेऱ्यांत ऑटो आयएसओच्या मेनूमध्येच हे ठरवता येतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाल्या ट्यूबलाइट आणि काही स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. फोटोत पट्टे किंवा रंगांचा फरक दिसला तर शटर १/१०० करा.

आजी दोन वर्षांपूर्वी गेली. भिंतीवर तिचा जो फोटो आहे तो माझ्या कॅमेऱ्यातला नाही. चुलतभावाने साध्या फोनवर काढलेला आहे, दुपारी अंगणात ती तांदूळ निवडत असताना. तिथे उजेड होता, एवढंच.

म्हणून एक काम करा. घरात कार्य असेल तर आदल्या रात्री त्याच खोलीत, त्याच दिव्यांखाली, कुणालातरी बोलतं ठेवून दहा फोटो काढा आणि लॅपटॉपवर पूर्ण मोठे करून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. मी ते केलं असतं तर ओव्या म्हणणारी आजी आज माझ्याकडे असती.