चाकरमान्याने रचलेला खेळ

व्हिडिओ गेम म्हटले की डोळ्यांपुढे बंदुका, मोटारी आणि उड्या मारणारा मारिओ येतो. पण टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर एक वेगळाच खेळ गेली जवळजवळ तीस वर्षे सुखाने नांदतो आहे. त्यात कुणाला मारायचे नसते. सकाळी उठायचे, शेताला पाणी घालायचे, गाईला चारा टाकायचा, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलायचे, आलेले पत्र वाचायचे आणि रात्र झाली की झोपायचे. या प्रकाराला 'लाइफ सिम्युलेशन' म्हणतात. मी त्याला गावगाड्याचा खेळ म्हणतो. तो चाकरमान्याने जन्माला घातला, असे माझे ठाम मत आहे.

चाकरमानी म्हणजे काय, हे महाड-पोलादपूरकडच्या माणसाला समजावावे लागत नाही. इथल्या कित्येक वाड्यांत कर्ता पुरुष मुंबईत आणि घर म्हाताऱ्यांच्या हवाली, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. आधी गिरणी, १९८२च्या संपानंतर मिळेल ते काम. शिमग्याला आणि गणपतीला गावी यायचे, एरवी मनिऑर्डर आणि खुशालीचे पत्र. माझेही बालपण अशाच घरात गेले. म्हणूनच कात्सुया एगुची यांची हकिगत वाचली तेव्हा मी जागीच थबकलो.

एगुची चिबाचे. चिबा हा तोक्योला लागून असलेला भाग. १९८६ साली, एकविशीत, निन्तेन्दो कंपनीत नोकरी लागली म्हणून ते क्योतोला गेले. क्योतो तिथून कितीतरी लांब. आईवडील मागे राहिले, दोस्त मागे राहिले. आपली माणसे जवळ असणे ही केवढी मोठी गोष्ट होती, हे तिथल्या एकटेपणात उमगले, असे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले. ती जवळीक खेळात पुन्हा उभी करता येईल का, या विचारातून 'दोबुत्सु नो मोरी' निघाला. १४ एप्रिल २००१ रोजी तो जपानात निन्तेन्दो ६४ या यंत्रावर आला आणि पुढे 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग' या नावाने जगभर गेला. त्याचा पहिलाच प्रसंग आगगाडीतला आहे. खेळणारा एकटा अनोळखी गावाला निघालेला असतो, समोर एक मांजर येऊन बसते आणि कोण, कुठला, कुठे चाललास, असे विचारू लागते. उतरल्यावर घर मिळते तेही कर्जावर.

दुसरा दाखला यासुहिरो वादा यांचा, आणि तो एगुचींच्याही आधीचा. वादा दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरच्या मियाझाकीचे. तोक्योला आले, शहराची हौस फिटली आणि मग गावाकडे काय काय चांगले होते ते आठवू लागले. त्यातून 'बोकुजो मोनोगातारी' झाला, ज्याला इंग्रजीत 'हार्वेस्ट मून' म्हणतात. तो ९ ऑगस्ट १९९६ रोजी सुपर फॅमिकॉम या निन्तेन्दोच्या जुन्या यंत्रावर आला. निन्तेन्दो ६४ त्याआधीच, जूनमध्ये बाजारात उतरले होते. म्हणजे हा खेळ उतरत्या काळातल्या यंत्रावर आला. तो बनत असताना पैशांची ओढाताण झाली आणि ठरवलेले बरेच काही कापावे लागले, हे वादांनी २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये सांगितले आहे. उरले ते एवढे: आजोबांची ओसाड पडलेली जमीन, तण, धोंडे, झाडांचे बुंधे, हातात कुदळ आणि कुऱ्हाड. अडीच वर्षांनी आईवडील येऊन जमिनीचे काय केलेस ते बघणार.

एक माणूस मियाझाकीहून तोक्योला आलेला, दुसरा चिबाहून क्योतोला गेलेला. या खेळप्रकाराचे दोन मुख्य खांब आणि दोन्ही रोवणारे पोटासाठी घर सोडून गेलेले. याला योगायोग म्हणायला मी तयार नाही.

खेळाच्या आत डोकावले की खूण आणखी पटते. 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग'मध्ये यंत्रातले घड्याळ खऱ्या घड्याळाबरोबर चालते. बाहेर रात्र तर आत रात्र, बाहेर हिवाळा तर आत बर्फ. चार आठवडे खेळ उघडलाच नाही, तर पाचव्या आठवड्यात गावभर तण माजलेले असते, घरात झुरळे पळत असतात आणि शेजारी विचारतात, इतके दिवस होतास कुठे? एखादा शेजारी तर गाव सोडून गेलेला असतो आणि मागे नुसती चिठ्ठी. गणपतीच्या आदल्या दिवशी कुलूप काढून आत शिरणाऱ्या मुंबईकराला हे जसेच्या तसे ठाऊक आहे: अंगणात गुडघाभर गवत, पडवीत वाळवी, कोपऱ्यात जाळी, आणि बांधावरून एखादी काकी हाक मारते, "आलास का रे बाबा? शिमग्याला का नाय आलास?" गावात कायम राहिलेल्या माणसाला असा नियम सुचणे अवघड आहे. त्याच्या अंगणात तण एका रात्रीत माजत नाही, ते तो रोज उपटत असतो. गैरहजेरीची टोचणी ज्याने सोसली, त्यालाच ती खेळात घालता येते. खेळातली आई अधूनमधून पत्र पाठवते, सोबत एखादी भेटवस्तूही असते. एगुचींनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे: कामावरून घरी पोचायला त्यांना उशीर होई, तेव्हा घरातल्यांनी आपापल्या वेळी खेळून एकमेकांसाठी काहीतरी ठेवून जावे, असा खेळ त्यांना हवा होता. म्हणजे आधी आईवडिलांपासून तुटलेला माणूस पुढे पोरांपासूनही तुटला.

आता प्रतिपक्ष. काही जण हे कूळ १९८५च्या 'लिटल कॉम्प्युटर पीपल'पासून मोजतात. अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीच्या डेव्हिड क्रेन यांचा तो खेळ. पडद्यावरच्या घरात एक माणूस राहतो आणि आपण त्याला बघत बसतो. वयाने तो थोरला आहे, पण तो घरगुती संगणकावरचा. त्यात गाव नाही, शेजार नाही.

दुसरा दावा जास्त वजनदार आहे: विल राइट यांचा 'द सिम्स'. १९९१च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या डोंगरांवर वणवा पेटला आणि राइट यांचे घर जळाले. नव्याने संसार मांडताना माणसाला काय काय लागते, याचा विचार करताना त्यांना हा खेळ सुचला. आधी तो 'डॉलहाउस' या नावाने ओळखला जाई, म्हणजे आपली भातुकलीच. तो आला २००० साली, तोही संगणकावर, आणि टीव्हीच्या यंत्रांवर पोचायला २००३ उजाडले. तोवर वादांचे शेत पिकून सात वर्षे झाली होती. 'द सिम्स'मध्ये पैसा मिळवून सोफा, फ्रिज, मोठी खोली घ्यायची असते. राइट यांना हरवलेले घर भरायचे होते. वादा आणि एगुची यांना हरवलेली माणसे हवी होती. या दोन शाखा वेगळ्या मानाव्यात, असे मला वाटते.

तिसरा दावा आपल्याकडचा आणि मला सर्वांत प्रिय. जन्माच्या घरातून निघून सापांच्या तोंडी सापडत, शिड्या चढत मोक्षाच्या घरी पोचायचे, हा मोक्षपट म्हणजे आयुष्याचाच खेळ. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगते. जैनांचे ज्ञानबाजीचे पट आणि तिबेटात साक्य पंडितांच्या नावे सांगितला जाणारा पट त्याच घाटाचे आहेत. साप-शिडीचा हा पट इंग्रजांबरोबर विलायतेला गेला आणि तिथून अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीकडे. त्याच कंपनीच्या संस्थापकाने १८६० साली आयुष्यावरचा स्वतंत्र पटखेळ काढला होता. त्याची १९६०ची नवी आवृत्ती १९६८ साली जपानात 'जिन्सेई गेम' झाली आणि पुढे टीव्हीच्या यंत्रांवरही आली. आळंदीपासून तोक्योपर्यंत सरळ रेघ ओढण्याचा मोह मलाही होतो. पण पटावर आयुष्य संपते, कुणीतरी जिंकते. एगुचींच्या गावात कुणी जिंकत नाही. मोक्षपट या घराण्याचा चुलत आजोबा खरा, पण सख्खा नव्हे.

राहिला सर्वांत टोकदार आक्षेप: घरच्या ओढीतून असा खेळ जन्मतो, तर तो लालबाग-परळला का नाही जन्मला? तिथे तर अख्खे कोकण राहत होते. माझे उत्तर असे की तिथे ती ओढ दुसऱ्या वाटेने बाहेर पडली. चाकरमान्यांनी परळच्या दामोदर नाट्यगृहात नमन लावले, शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या रंगवल्या, खोलीखोलीत गावाची मंडळे काढली. भजनी मंडळे तर पोलादपूरकरांची ओळखच. जपानी नोकरदाराच्या हाती यंत्र होते, आपल्या माणसाच्या हाती मृदंग होता. शिवाय नव्वदच्या दशकात आपल्याकडे आलेल्या कॅसेटच्या गेममध्ये मारामारीचे आणि उड्यांचेच खेळ असत. पानेच्या पाने जपानी संवाद असलेला शेतीचा खेळ त्यातून इथे पोचणे शक्य नव्हते.

पुढची वंशावळ याच अंगाने वाढली. २००० सालच्या 'बोकु नो नात्सुयासुमी'त नऊ वर्षांचा मुलगा १९७५चा ऑगस्ट खेड्यातल्या नातेवाइकांकडे काढतो, किडे पकडतो, मासे धरतो. आपली मे महिन्याची सुट्टीच ती. २०१६चा 'स्टारड्यू व्हॅली' एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवला. त्याचा नायक कंपनीतली नोकरी सोडून आजोबांच्या शेतावर परततो. २० मार्च २०२० रोजी 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग'चा नवा अवतार आला. चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे ही तारीख महाडकरांना पाठ आहे. खेळ आल्यावर आठवडाभरातच टाळेबंदी लागली. जगभर घरात कोंडलेली माणसे त्या खेळातून एकमेकांच्या बेटांवर जाऊ लागली, आणि आमच्याकडे चाकरमानी मिळेल त्या वाहनाने, काही पायीसुद्धा, गावच्या वेशीवर येऊन उभे राहिले. तो खेळ पुढे चार कोटींहून अधिक खपला.

लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ महाडपासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे संगणक शिकणाऱ्या, घरात एक तरी चाकरमानी असलेल्या मुलामुलींना माझे सांगणे आहे: हा खेळ आता तुम्ही करा. त्यात राब भाजणे घाला, चिखलणी आणि लावणी घाला, उतारावरची नाचणी घाला, वीरेश्वराच्या छबिन्याला येणाऱ्या पालख्या घाला, सावित्रीचा पूर घाला. खेळणाऱ्याला वीर स्थानकावर उतरवा आणि घराची किल्ली शेजारच्या काकीकडे ठेवा. भाताचे वेळापत्रक आणि गावाकडचे शब्द मी लिहून देईन.